कटरबाईंचं पित्त

कटरबाईंना राग येत नसे. त्यांना पित्त होई. निदान घरात सगळ्यांचं तसं एकमत होतं, आणि एकमत झालं की विचार करायची कटकट उरत नाही.

शिवणकारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून त्यांतून यंत्राचं पातं फिरवायचं, हे त्यांचं काम. पातं वळणावर आलं की श्वास रोखायचा, म्हणजे हात हलत नाही. ही सवय इतकी अंगात मुरली, की घरी नवरा टाकून बोलला तरी त्या श्वास रोखून उभ्या राहायच्या. तोंड उघडायचंच नाही. मग छातीत धडधड, पोटात आगडोंब. नवरा गोळी पुढे करायचा. इतक्या वर्षांत बाईंनाही पटलं होतं, की आपण म्हणजे एक नाजूक पोट.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, पोट धडधाकट आहे. हे होतं तेव्हा समोर कोण असतं, तेवढं बघा. बाईंना हा भोचकपणा वाटला.

त्याच आठवड्यात मालकाने नवऱ्याला कारखान्यात बोलावून घेतलं. बाईंच्या जागी मालकाला स्वतःचा मेहुणा लावायचा होता. बाईंनी त्याला शिकवावं आणि मग घरी आराम करावा, असं दोघांनी चहा पिता पिता ठरवूनही टाकलं. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"हिला झेपत नाही हो आताशा," नवरा म्हणाला. "पित्ताने बेजार असते."

पोटात पेटलं. हात सवयीने गोळीकडे गेला, श्वास अडकला. समोर कोण आहे? बाईंनी दोघांकडे नीट पाहिलं आणि श्वास सोडून दिला. आग वर चढली, कान तापले. हात मात्र जराही थरथरला नाही. हे काही आजारपण नव्हे. इतकी वर्षं आपण आपल्या रागाला गोळ्या देऊन झोपवत होतो, हे कळल्यावर त्या आणखीच संतापल्या.

"मी काम सोडणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि मेहुण्यांना शिकवणारही नाही."

"बघा, चढलं पित्त," नवरा हसला. "गार दूध घे जरा."

"तुम्हीच घ्या. मला राग आलाय."

मालक गडबडला. दुसऱ्या दिवशी रवाना व्हायचा माल टेबलावर तसाच पडला होता, आणि मेहुण्याला यंत्र सुरू कुठून होतं तेही ठाऊक नव्हतं. सावकाश बसून बोलू, असं तो पुटपुटला. त्यात बोलायचं काय, म्हणत बाईंनी बटण दाबलं. यंत्राच्या आवाजात नवऱ्याचं पुढचं काहीच ऐकू आलं नाही.