नऊ वर्षांची मोकळी जागा

माझ्या लेकीचं पहिलं बाळ एकेचाळिसाव्या दिवशी गेलं. मुलगी होती. चौथ्या दिवसापासून ती दूध ओढेना, मग रडण्याचा आवाज बारीक झाला, मग मान आणि हातपाय ओल्या कपड्यासारखे सैल पडले. काचेच्या पेटीतल्या बाळाचं बारसं कसं करायचं? बरी झाली की करू म्हणून आम्ही पुढं ढकललं. त्यामुळे दवाखान्याच्या कागदांवर शेवटपर्यंत ती 'बेबी ऑफ' आणि पुढं माझ्या लेकीचं नाव, एवढीच राहिली. डॉक्टरांनी तिचं थोडं रक्त जनुकांच्या तपासणीसाठी पुण्याला पाठवलं होतं. अहवाल आला तेव्हा ती नव्हती. त्यात लिहिलं होतं, दोष आढळला नाही.

वर्षभराने लेकीला पुन्हा दिवस गेले. नवव्या आठवड्यात तिचा फोन आला. आनंदाचा एक शब्द न काढता तिनं विचारलं, "आई, हे पण तसंच जाणार का?"

मी आरोग्य सहायिका आहे. नेकनूरच्या बाजूच्या गावांतल्या आशा सेविकांच्या नोंदवह्या तपासणं हे माझं काम. यादी केल्याशिवाय मी भाजीलाही जात नाही. फोन ठेवून मी वही उघडली आणि लिहिलं: एक, जुना अहवाल काढणे. दोन, पुण्याला फोन. तीन, सोळाव्या आठवड्यात गर्भजल तपासणी. चार लिहून थांबले. गर्भजलात शोधायचं काय, हेच कुणाला माहीत नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात गर्भजल हा शब्द काढला की डॉक्टर आधी दाराकडे बघतात. इथं मुली पोटातच संपवल्या गेल्या, त्याची ही भीती आहे आणि ती असायलाच हवी. सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीला मी स्वतः पथकाबरोबर गेलेले आहे. पण म्हणूनच, ठोस कारणाचा कागद असल्याशिवाय गर्भजल काढायला कुणी माझ्या लेकीच्या पोटात सुई घालणार नव्हतं. कारण सापडायला माझ्याकडे सात आठवडे होते.

पुण्याच्या प्रयोगशाळेत एक समुपदेशक होती, वयाने माझ्या लेकीएवढी. जुनी माहिती पुन्हा तपासा म्हणून मी तिच्या मागं लागले. सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी अकराला फोन. बाराव्या आठवड्यात तिनंच मला फोन केला.

ती म्हणाली, पहिल्या वेळी आम्ही जनुकांचे फक्त प्रथिन बनवणारे भाग वाचले होते. त्यांच्या आगेमागे जो भाग असतो तो बिनकामाचा धरतात, तो बघतच नाहीत. पण आता कळायला लागलंय की त्या भागांतूनही प्रथिनं बनतात. अगदी लहान असतात. ठरावीक लांबीपेक्षा छोटं काही दिसलं तर ते यादीत घ्यायचंच नाही, असा नियम ठेवला होता, म्हणून ती वर्षानुवर्षं नजरेतून सुटली. तुमच्या नातीच्या रक्तात अशाच एका भागात बदल दिसतोय. तो दोन्ही बाजूंनी आलाय, आईकडून एक, वडिलांकडून एक.

"म्हणजे कारण सापडलं," मी म्हणाले.

"तसं नाही म्हणता येणार. या छोट्या प्रथिनाचं काम काय, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. नुसत्या एका बाळावरून गर्भाची तपासणी करायला आमचे डॉक्टर तयार होणार नाहीत. घरात आणखी बाळं अशीच गेली असतील तर गोष्ट वेगळी." मग ती म्हणाली, "पण तुम्ही पाठवलेल्या वंशावळीत तर तसं काही नाही."

ती वंशावळ मी पट्टीने आखली होती. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. माझी लेक तिच्या आत्याच्या मुलाला दिलेली आहे, म्हणजे माझी नणंद तीच माझी विहीण. सासूबाईही सख्ख्या मामाला दिलेल्या होत्या. ही नात्यातली लग्नं मी दुहेरी रेघांनी दाखवली होती. 'घरात याआधी अर्भकं दगावली का' या ओळीपुढं मी 'नाही' लिहिलं होतं. नवऱ्याला विचारूनच लिहिलं होतं. आणि नात गेली त्या दिवशी नणंद अंगणात चार बायांसमोर म्हणाली होती, "आमच्या घरात असलं कदी झालं न्हाई." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता, माझ्या लेकीला सगळ्यांत जास्त.

तेरावा आठवडा गेला. मी दोन मोठ्या दवाखान्यांत विचारून आले, दोन्हीकडून तेच उत्तर. लेक रोज फोन करायची आणि काहीच विचारायची नाही. जेवलीस का, हो. पाणी आलं का, हो. मग फोन चालूच ठेवायची.

चौदाव्या आठवड्यात एका आशाची नोंदवही तपासत होते. एका घरात पहिलं मूल सहा वर्षांचं, दुसरं वर्षाचं. मी सवयीने बोट ठेवलं आणि विचारलं, मधे पाच वर्षं मोकळी कशी? ती चाचरत म्हणाली, मॅडम, एक झालं होतं, पण बारशाच्या आधीच गेलं, म्हणून घरचे धरत नाहीत. मी रागवायला तोंड उघडलं आणि मला माझं सासर आठवलं. माझी नणंद माझ्या नवऱ्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. त्या काळी, त्या घरात, दोन लेकरांमधे नऊ वर्षं. जिल्ह्यात कुठल्याही वहीत मला ते दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून लेकीच्या सासरची, नांदूरघाटची एसटी धरली. नणंद ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "या सिस्टरबाई. आज काय, लस टोचायला का चुका काडायला?"

लेक आत पडून होती. मी नणंदेसमोर बसले आणि पुण्याची सगळी गोष्ट सांगितली. ती सोलतच राहिली.

"आक्का," मी म्हणाले, "तुमच्या आणि तुमच्या भावाच्या मधे नऊ वर्षं आहेत."

"मग?"

"मधे किती होते?"

तिनं हातातली पाकळी परातीत टाकली. मग म्हणाली, "जुनं कावून उकरता?"

मी पिशवीतून वंशावळ काढून त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"तीन," ती म्हणाली. "पैला पोरगा, मंग दोन पोरी. तिघांचं येकच. चार दिस दूध प्यायचं अन् सोडून द्यायचं. मान न्हाई धरायची. आई कामाला गेली की मीच मांडीवर घिऊन बसायचे. धाकली लई दिस टिकली, म्हैन्याच्या वर. पाळना बी आनलाता तिच्यासाठी."

"आणि नावं?"

"बरी झाली की ठिवू म्हनले. न्हाई झाली." तिनं हात पदराला पुसले. "आईनं मला शपत घातलीती. नाव न्हाई ठिवलं, मंग मोजायचं न्हाई. मोजलं तर जे हायेत त्यांना लागंल. तुज्या नवऱ्याला तर ठावंच न्हाई."

लेक दारात येऊन उभी होती. कधी आली ते आम्हाला कळलं नाही. ती म्हणाली, "आत्या, मी वरीसभर माज्या दुधाला दोष दिला."

नणंदेनं मान वर केली नाही. सोललेला लसूण तसाच परातीत ठेवून ती उठली, आत गेली आणि लुगडं बदलून आली. म्हणाली, "रगत कुटं द्यायचं, चला."

तिचं, माझ्या नवऱ्याचं, लेकीचं आणि जावयाचं रक्त पुण्याला गेलं. मी वंशावळ नव्याने आखली. नऊ वर्षांच्या मोकळ्या जागेत एक चौकोन आणि दोन गोल, तिघांवर गेल्याची तिरपी रेघ. रेघ मारताना माझ्या लक्षात आलं, आणखी चाळीस वर्षांनी कुणी आमच्या घराची यादी केली असती तर माझी नातही त्यात आली नसती.

बहीणभाऊ दोघांतही, तसाच लेकीत आणि जावयातही, तो बदल सापडला, पण एकाच बाजूने, म्हणून चौघंही धडधाकट. सतराव्या आठवड्यात, सगळे अर्ज भरून, सह्या करून, पुण्यात गर्भजल काढलं. विसावा आठवडा लागता लागता अहवाल आला. बाळात तो बदल एकाच बाजूने आलाय, दुसरी बाजू चांगली आहे.

समुपदेशक म्हणाली, "आमचा अंदाज बरोबर असेल तर बाळ ठीक राहील."

"आणि चुकला असेल तर?"

"तर आम्हाला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. खोटं बोलली असती तर मला त्या दिवशी चाललं असतं.

लेकीला आता आठवा महिना लागलाय आणि ती माझ्याकडे आहे. बाळाचे कपडे ती शिवू देत नाही. मी वहीत एकेचाळीस रकाने आखून ठेवलेत, दिवसाला एक: दूध किती वेळा, रडण्याचा आवाज, मान, हातपाय. दुसरं काही करता येत नाही म्हणून आखलेत.

काल नणंद आली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी बोट ठेवून एकेक रकाना समजावला. तिनं विचारलं, "बारसं कुटं लिवलंय?"

मी बारावा रकाना दाखवला.

"खोड ते," ती म्हणाली. "जल्मल्या दिवशी नाव ठिवायचं. तितंच, दवाखान्यात. पुढं काय व्हायचं ते हू दे, पन हे मोजलं गेलं पायजे."

लेक शेजारीच बसली होती. खाली बघत म्हणाली, "आणि पहिलीचं?"

"तिचं आज ठिवू," नणंद म्हणाली. "तुजं मीच ठिवलंतं. तिचं बी मीच ठिवते." आणि तिनं नाव सांगितलं.

मी ते वंशावळीत नातीच्या गोलाशेजारी लिहिलं. मग वहीतला बारावा रकाना खोडून पहिल्यात लिहिलं: नाव. पुढचे चाळीस रकाने मोकळे आहेत.