मावशीने दिलेलं दूध

माझी मावशी शर्टांना काजं करायची. शिवणकामाच्या कारखान्यात खिडकीजवळची खुर्ची तिची. एक टाका इकडचा तिकडे झाला तरी अख्खं काज उसवून पुन्हा करणारी तिथे ती एकटीच. "बटण निसटलं की लोक शिंप्याला नाही, मला शिव्या घालतात," म्हणायची. असल्या बाईच्या तावडीत तिच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा, मधुमेह सापडला.

काका पाट्या रंगवायचे आणि गोडावर त्यांचा भारी जीव. इन्सुलिन सुरू झालं त्याच दिवशी मावशीने घरातली सगळी साखर शेजारणीला देऊन टाकली आणि डबा धुऊन पालथा घातला. काका मला डोळा मारून म्हणाले, "तुझ्या मावशीनं मुंग्यांनासुद्धा देशोधडीला लावलं बघ."

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. चार गोळ्यांची नावं पाठ झाली की माणसाला आपण डॉक्टर झालो असं वाटतं. मला जरा जास्तच वाटायचं. साखर सुटली म्हणून काका रोज दोन-दोन पेले सायीचं दूध प्यायला लागले, तेव्हा मी अक्कल पाजळली. "मावशी, वरून घातली नाही तरी दुधात त्याची स्वतःची साखर असतेच." तिचा विश्वास बसेना. मग दुधाआधी आणि दोन तासांनी काकांचं बोट टोचून दाखवलं. आकडा चढला होता. दुधाने साखर चढते, हे मावशीने डोक्यात पक्कं बसवून घेतलं. सायीमुळे ती सावकाश चढते, हे मी सांगितलं नाही. मला माहीत होतं. तिला कशाला एवढं, असं वाटलं.

एका रविवारी दुपारी काकांनी इंजेक्शन घेतलं आणि न जेवताच, "दोनच अक्षरं राहिलीत" म्हणत शिडीवर चढले. दोनाची आठ झाली असावीत. उतरले तेव्हा घामाने भिजलेले, हात थरथरत होते. मावशीने बोट टोचून साखरेच्या मशीनवर बघितलं, अठ्ठेचाळीस. साखर उतरलीय हे तिला बरोबर कळलं. घरात चिमूटभरही साखर नव्हती. तिने जाड साय घालून पेलाभर दूध कोमट केलं आणि जवळ बसून त्यांना पाजलं. मग घड्याळाकडे बघत ती आकडा चढायची वाट बघत राहिली. वीस मिनिटांनी काका काहीबाही बोलायला लागले, मग आचके आले. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली असती, तर बहुतेक वाचले असते.

त्यानंतर येईल त्याला मावशी एकच विचारायची, "दूध दिलं ते बरोबरच केलं ना मी?" आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, अगदी बरोबर. सगळ्यांत मोठा आवाज माझा, कारण भीतीही मलाच होती. दोन महिने ती रडली नाही. कामावर जायची, यायची, दोन घास खायची.

एका संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हणालो.

"खोटं बोलू नकोस रे. मी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारलंय. दुधानं उशीर झाला म्हणाले."

"मग सारखं विचारतेस कशाला?"

"कुणीतरी खरं बोलेल म्हणून. सगळे म्हणता, तुझी काही चूक नाही. मग मी रडू कुणाजवळ?"

"मला माहीत होतं, मावशी. सायीच्या दुधानं साखर सावकाश चढते हे मला तेव्हाच माहीत होतं. मी सांगितलं नाही तुला."

ती थोबाडीत मारेल म्हणून मी खाली बघत थांबलो. तिने माझा हात गच्च धरला आणि हमसून हमसून रडायला लागली.

"अर्ध्या पेल्यातच नको म्हणत होते रे ते," ती म्हणाली. "मीच ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, सगळं संपवा."