शेवटच्या कडव्यातलं नाव

शिवराम गमरे मला पहिल्यांदा भेटला तो बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत. मी कारकून, तो शिपाई. मी साताऱ्याकडचा, घरात भजन, म्हणून पेटी बरी वाजवतो, हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "सयाजीराव, शनिवारी नेरूळला भीमगीतांचा प्रोग्राम हाय. आमचा पेटीवाला पळाला. येता काय?" गेलो, आणि मग जन्मभर त्याच्या मागे बसून पेटी वाजवत राहिलो. माझी बायको विजयमाला म्हणायची, तुमचं लग्न माझ्याशी झालंय की त्या गमरेंशी?

शिवराम टपाल घेऊन जिने चढता उतरता गाणी रचायचा. आधी चाल, मग शब्द. त्याची गाणी कुठल्याच कंपनीने घेतली नाहीत, तेव्हा पठ्ठ्या स्वतःच कंपनी झाला. संघप्रिया कॅसेट्स. संघप्रिया म्हणजे त्याची मुलगी, तेव्हा अजून रांगत होती. कवी हाच, गायक हाच, निर्माता हाच, आणि सहा डिसेंबरला दादरला पिशवी घेऊन उभा राहून कॅसेटी विकणाराही हाच. आपली कॅसेट निघाली की दुसऱ्या दोन गरीब कवींचीही काढायचा. मी म्हणायचो, अरे, आधी स्वतःचं बघ. पण आमचं ऐकतो कोण!

त्याचा एकच हट्ट होता. भीमगीतात शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं, ही जुनी रीत. गाणं लांबलं, टेप संपत आली, की स्टुडिओवाला शेवटचं कडवं उडवायला बघायचा. तेव्हा हा गरीब गाय माणूस अंगावर धावून जायचा. "पुतळ्याखाली नाव लागतं ते मोठ्यांचं. आमचं नाव लागायला तेवढीच जागा हाय, ती पन खाता काय?"

त्याचं सगळ्यात चांगलं गाणं आईवरचं. त्याची आई रखमा खेडहून आली आणि तुर्भ्याच्या खाणीत खडी फोडत राहिली. त्या खडीवर त्याला तिने शिकवला. त्या गाण्याचा शेवट असा:

खडी फोडली रखमानं तुर्भ्याच्या उन्हात,
तिचाच पोर शिवराम गातो तुमच्या अंगणात.

कॅसेट ऐकून म्हातारी लाजून चूर झाली होती. "माझा नाव कशाला घातलंस रं मेल्या," म्हणाली, आणि पुन्हा लावायला सांगितलं.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. गाणी फुकट मोबाईलवर मिळायला लागली आणि संघप्रिया कॅसेट्स बसली ती बसलीच. निवृत्तीनंतर शिवराम मुलीकडे उलव्याला राहायला गेला. तिथे सोसायटीवाल्यांना रियाजाचा त्रास व्हायला लागला, मग तो गुणगुणायचाही बंद झाला. गळा असाच गंजतो. मला त्याची फार दया यायची, पण त्याला दया केलेली आवडत नसे.

गेल्या वर्षी संघप्रिया मोबाईल घेऊन धावत आली. "बाबा, तुमचं गाणं! कुणीतरी नवीन गायलंय, लाखो लोकांनी बघितलंय." आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो. कीबोर्ड, ढोल, सगळा थाट. पोराचा आवाज खरंच गोड होता. शिवराम मांडीवर ठेका धरून ऐकत होता. शेवटचं कडवं आलं.

"तिचाच पोर संघर्ष गातो तुमच्या अंगणात."

ठेका थांबला. "परत लाव," तो म्हणाला. परत तेच. मात्रासुद्धा चुकली नव्हती.

"आईचं नाव ठेवलंय बघ," तो म्हणाला. "पोर तेवढा बदलला."

हा गाणारा संघर्ष घणसोलीचा निघाला. मी चार शिव्या तयार ठेवूनच शिवरामबरोबर गेलो, पण पोरगं भलं होतं. त्याने खुर्च्या दिल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "काका, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. गावाला माझा मामा हे गाणं म्हणायचा, तेव्हा शेवटी मामाचं नाव यायचं. मला वाटलं, जो गातो त्याचं नाव घालायचं असतं. व्हिडिओखाली तुमचं नाव टाकतो ना, कवी म्हणून."

"खाली नको. गाण्यात घाल," शिवराम म्हणाला.

"रेकॉर्डिंग आता कंपनीचं आहे, काका." थोडा विचार करून तो म्हणाला, "असं करू. जयंतीला उलव्यात माझा प्रोग्राम आहे. हे गाणं तिथं तुम्हीच म्हणा. हे गाणं कुणाचं, ते मी आधी माईकवर सांगतो."

त्या शब्दावर शिवराम महिनाभर जगला. खाडीकडेला जाऊन गळा साफ करायला लागला. संघप्रियाने त्याला नवा पांढरा सदरा शिवला.

जयंतीच्या दिवशी संघर्षचा आधीचा कार्यक्रम जासईला होता आणि तिथल्या मिरवणुकीत त्याची गाडी अडकली. मंडळाची माणसं म्हणाली, पब्लिक खोळंबलंय, काकांना सुरू करू द्या. शिवराम उभा राहिला. आवाज फाटत होता, पण सूर सुटला नाही. पहिल्या ओळीलाच सगळा मंडप टाळ्या धरून गायला लागला. लहान पोरांना शब्द पाठ होते. इतकी वर्षं वाजवली, पण तेव्हाइतकं समाधान मला कधी झालं नाही.

मग त्याने म्हटलं, "तिचाच पोर शिवराम..."

टाळ्या विस्कटल्या. पोरं आपली "संघर्ष" म्हणून पुढे गेली. पुढच्या रांगेतली एक बाई अगदी मायेने म्हणाली, "काका, नाव चुकलं. संघर्ष हाय तिथं."

मागून एक जण ओरडला, "ओ काका, दुसऱ्याच्या गाण्यात आपलं नाव कशाला घुसवता?" लोक हसले.

संघप्रिया बोलायला उठली. त्याने हातानेच तिला बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "कडवं परत घ्या." मला वाटलं, आता हा आपलं नाव छाती फोडून म्हणणार. मी पेटी जोरात धरली.

त्याने डोळे मिटले आणि म्हटलं, "तिचाच पोर संघर्ष गातो तुमच्या अंगणात."

मंडप दणाणला. एवढ्या टाळ्या त्याला आयुष्यात पडल्या नव्हत्या.

स्टेजच्या मागे मी त्याच्यावर भडकलो. "अरे, कशासाठी? तुझं गाणं, तुझी आई!"

"बाबासाहेबांच्या जयंतीला स्टेजवर स्वतःच्या नावासाठी भांडू काय?" तो म्हणाला.

तेवढ्यात संघर्ष घामाघूम होऊन आला. "जयभीम, काका. माफ करा, लय उशीर झाला. गाणं झालं का? तुमचंच हाय म्हणून सांगितलंत ना लोकांना?"

शिवरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सांगितलं बाळा," तो म्हणाला. "पन त्यांना तुझंच ठाऊक होतं."