दादाच्या आवाजाची पक्की प्रत

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली तेव्हा हातात अकरा दिवस होते. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, स्वरयंत्रात गाठ होती आणि ते पूर्ण काढावे लागणार होते. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचे चित्र काढून समजावले. जीव वाचण्याची आशा चांगली आहे, श्वास पुढे गळ्याला केलेल्या छिद्रातून चालेल, आवाज मात्र राहणार नाही. दादाने चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "मंग भजन?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली, तेव्हा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हंजे आता मंडळाले नवा गवय्या पाह्याले सांग."

दादा समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी भाजीपाला पिकवतो. गावच्या मंडळात त्याने उभा जन्म खंजेरीवर भजने म्हटली. तो आवाज कुणी नोंदवून ठेवला नव्हता, कारण तो रोजचाच होता. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला एकटा राहतो. रुग्णालय जवळ पडते म्हणून दादा आणि वहिनी ते अकरा दिवस माझ्याकडे आले. त्या मुदतीत त्याची सात भजने उत्तम प्रकारे ध्वनिमुद्रित करायची असे मी ठरवले. शस्त्रक्रियेचा खर्च समोर होता, त्यामुळे विकत आणायचा तो फक्त कॉलरला लावायचा साधा माइक. बाकी सर्व घरातलेच वापरायचे.

पहिल्या दिवशी बैठकीच्या खोलीत फोनवर मुद्रण करून पाहिले. दादा विहिरीत उतरून गातो आहे असे वाटले. कारण उघड होते. खाली फरशी, वर स्लॅब, चारही बाजूंना उघड्या भिंती. अशा खोलीत आवाज तोंडातून एकदा निघतो आणि भिंतींवरून अनेकदा परततो. ज्याला हे तपासायचे असेल त्याने खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीला शेपूट असेल तर तिथे मुद्रण करू नये.

उपाय म्हणजे मऊ आणि जाड वस्तू, आणि आमच्या जिल्ह्यात कापसाला तोटा नाही. आतल्या लहान खोलीत मी दोन खाटा उभ्या केल्या, त्यांच्यावर कापसाच्या गाद्या टाकल्या, खाली सतरंजी दुहेरी अंथरली आणि दादाला त्या कोनाड्यात बसवले. 'प' आणि 'भ' म्हणताना तोंडातून निघणारा वारा माइकवर आदळतो. त्यासाठी भरतकामाच्या गोल चौकटीवर जुन्या ओढणीचा तुकडा ताणून बांधला आणि तो मध्ये धरला. माइकचे अंतर बरोबर एक वीत ठेवले. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीला चादर.

"काऊन रे मास्तर," दादा आतून म्हणाला, "मले रुईच्या गाठीत बांधून राह्यला का? जिनिंगवाले उचलून नेतीन."

"हलू नकोस. अंतर बदलतं."

"पाह्य वं," तो दाराशी उभ्या वहिनींना म्हणाला, "लहान भाऊ मले हलू नको म्हनते."

दादाने खंजेरी बरोबर आणली होती. तिच्या झांजांचा आवाज माइकला सोसत नव्हता. फोनवरचा आवाजाचा काटा लगेच लाल भागात जाई आणि शब्द फाटत. मी ती कपाटावर ठेवली. मग तो मांडीवर ताल धरू लागला. तोही माइकमध्ये येऊ लागला, म्हणून मी त्याच्या मांडीवर उशी दिली. उशी धरून बसलेला दादा पहिल्याच कडव्यात दोनदा अडखळला. त्याला अडखळताना मी तोपर्यंत कधी ऐकले नव्हते. "हात रिकामा असला का शबूद पळते," तो म्हणाला. मी म्हटले, सवय होईल.

सकाळचा तासभर त्याचा गळा त्यातल्या त्यात मोकळा असे; नंतर घोगरेपणा वाढे. मी त्या तासाचे वेळापत्रक केले. डॉक्टरांनी गळ्यावर ताण देऊ नका असे बजावले होते, म्हणून रोज एकच भजन. पण एकच भजन म्हणजे किती वेळा, हे मी वेळापत्रकात लिहिले नव्हते. दुसऱ्या कडव्यात खोकला आला, पुन्हा. शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली, पुन्हा. मधेच थांबून दादाने काही थट्टा केली, वहिनी चहा घेऊन आल्या आणि तो त्यांच्याशी दोन शब्द बोलला, पुन्हा.

शाळेत प्रयोगाची नोंद आम्ही आधी कच्च्या वहीत करवून घेत असू. आकडे चुकतात, खाडाखोड होते, शाईचे डाग पडतात. मग शुद्ध नोंद पक्क्या वहीत उतरवायची. वर्ष संपले की कच्ची वही रद्दीत जाई आणि पक्की वही तपासनिसांपुढे ठेवली जाई. छत्तीस वर्षे मी हीच रीत शिकवली आणि दादाच्या आवाजाला तीच लावली. रोज सायंकाळी त्या दिवशीची सर्व मुद्रणे ऐकायची, त्यांतले एक निर्दोष निवडायचे, त्याची सुरुवात आणि शेवट नीट कापून घ्यायचा, आणि बाकीची पुसून टाकायची. फोनमध्ये जागाही फार नव्हती. पण खरे सांगायचे तर जागेसाठी मी पुसत नव्हतो. चुकीचे जवळ ठेवणे मला आवडत नसे.

पाचव्या दिवशी सातव्या प्रयत्नाला दादाचा आवाज वरच्या स्वरात तुटला आणि परत जुळेना.

वहिनी आत आल्या. "भाऊजी, परीक्षा हाये का यांची? किती खेपा तेच म्हनवता?"

"वहिनी, एकदाच राहणार आहे हे. चांगलंच राहायला हवं."

"करू दे त्याले," दादा कुजबुजला. "त्याच्या वहीत लहानपनापासून खाडाखोड नसते. माह्या वहीत नुसती तेच रायते."

तो हसला, खोकला, आणि उशी छातीशी धरून वाकून बसला. माझ्या हातात फोन होता आणि मुद्रण चालू होते. ते मी बंद केले आणि सायंकाळी पुसले.

दहाव्या दिवसापर्यंत सात भजने पूर्ण झाली. अकराव्या दिवशी दादाला दाखल केले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. डॉक्टरांनी जे सांगितले होते ते तसेच झाले, एक अक्षर इकडे तिकडे नाही.

दीड महिन्याने मी एसटीने गावी गेलो. पेन ड्राइव्हवर सात भजने आणि एक लहान स्पीकर बरोबर घेतला होता. दादा ओसरीवर बसला होता, गळ्याभोवती मऊ रुमाल. बोलताना ओठ हलत होते आणि आम्ही ते वाचत होतो. मी भजने क्रमाने लावली. एकही फाटलेला शब्द नाही, प्रतिध्वनी नाही, मागे कसलाही आवाज नाही. दादाने डोळे मिटून सर्व ऐकले आणि मान डोलावली. शिष्टाचार म्हणून डोलावतात तशी.

वहिनी वांगी निवडत होत्या. सातवे भजन संपल्यावर म्हणाल्या, "चांगलं हाये. रेडिओवानी." थोड्या वेळाने विचारले, "आन् बोलनं कुठी हाये?"

"कोणतं बोलणं?"

"मधात मधात बोलत होते न थे. तुमाले चिडवत होते. एक डाव मी चहा आनला तं मले काईतरी म्हनले, मी मोठ्यानं हासली. थे कुठी हाये?"

"ते काढून टाकलं, वहिनी."

"काऊन?"

मी समजावून सांगितले. शुद्ध मुद्रण म्हणजे काय, अनावश्यक ध्वनी का वगळावे लागतात, निवड कशी केली, हे सर्व मी क्रमाने सांगितले. त्या ऐकत राहिल्या, शिक्षकाशी वाद न घालणाऱ्या पालकासारख्या. मग म्हणाल्या, "भजन तं मंडळातलं कोनीही म्हनन, भाऊजी. मले हाका मारनारा आवाज पायजे होता."

चहा आणला तेव्हा दादा त्यांना काय म्हणाला, हे मी आठवून पाहिले. आठवले नाही. माझे लक्ष त्या वेळी काट्यावर होते. वहिनींनाही शब्द आठवत नव्हते, आपण हसलो एवढेच आठवत होते. दादाला विचारले, त्याने हात हलवून 'कोण लक्षात ठेवतो' असे केले.

पुसलेले फोनमधून परत मिळते असे ऐकले होते. घरी येऊन शोधले. फोन पुसलेल्या वस्तू काही दिवस वेगळ्या ठेवतो आणि मग स्वतःच टाकून देतो. ते दिवस उलटून गेले होते. वर्ध्यातल्या एका दुकानदाराला फोन दाखवला. तो म्हणाला, "सर, वर नवीन रेकॉर्डिंग चढलं, आता काही होत नाही." जुन्यावर नवीन चढले होते, आणि ते नवीन म्हणजे माझीच निवडलेली सात भजने आणि त्यांच्या मी काढलेल्या प्रती.

मग मी गावातल्या ओळखीच्या प्रत्येकाकडे विचारणा केली. दादाच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धुरा लागून ज्यांचे शेत आहे आणि विहीर ज्यांच्यासोबत सामाईक आहे, त्या शेतकऱ्याच्या फोनमध्ये दादाने पाठवलेला एक ध्वनिसंदेश सापडला. मागच्या हिवाळ्यातला, जेमतेम दहा सेकंदांचा. मागे मोटर घरघरते आहे, वारा माइकवर आदळतो आहे, दादा फोन तोंडापासून लांब धरून ओरडतो आहे : "अबे, मोटर बंद कर न! पानी धुऱ्यावर जाऊन राह्यलं. झोपला का बे? वांगे पोहायले लागले माहे!"

माझ्या कसोटीला यातले काहीच उतरले नसते. मोटरचा आवाज कमी करणारी सोय मी संगणकावर वापरून पाहिली. घरघर गेली, पण तिच्याबरोबर दादाच्या आवाजाचा खालचा जाड भागही गेला आणि कुणी भलताच माणूस बोलू लागला. ज्यांना असे करून पाहायचे असेल त्यांनी मूळ प्रत आधी वेगळी ठेवावी. मी या वेळी ती ठेवली होती. मोटर परत आणली आणि संदेश आला तसाच घेऊन पुन्हा गावी गेलो.

वहिनींनी हात पदराला पुसले आणि फोन कानाशी धरला. एकदा ऐकून झाल्यावर दादाकडे पाहून म्हणाल्या, "पाहा, कसे खेकसता तुमी लोकाइवर."

दादा हसला असावा. खांदे हलले, डोळ्यांना पाणी आले; ऐकू मात्र काही आले नाही. हसण्यालाही स्वरयंत्र लागते, हे मी मुलांना कधी शिकवले नव्हते. मग त्याचा चेहरा बदलला आणि त्याने हाताने खूण केली, पुरे.

वहिनींनी ते पुन्हा लावले.