ओव्हर

आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. गाडीत वायरलेस, घरात वायरलेस, गच्चीवर अँटेना. समोरचा 'ओव्हर' म्हणेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही, ही वायरलेसची शिस्त ते लिफ्टमध्येही पाळतात. "कसे आहात? ओव्हर," म्हणतात आणि उत्तराची वाट बघत थांबतात.

त्यांची अँटेना काढायची म्हणून सोसायटीची मीटिंग भरली. सगळे एकदम ओरडत होते. हे गप्प.

मला राहवेना. "अहो, तुमी पण बोला ना कायतरी!"

"कसं बोलू? कुणी ओव्हर म्हटलंय का?"

"ओव्हर!" मी ओरडलो.

ते उठले आणि बोलू लागले. सेक्रेटरी पेंगले, बायका कुकर लावायला गेल्या, खुर्च्या रिकाम्या झाल्या, तरी हे स्वतः ओव्हर म्हणायचं नाव घेईनात.

अँटेना अजून गच्चीवरच आहे.