पहिल्या मानाचा पाना

आक्काला हे ठाऊक नाही. माझ्या बायकोला नाही. आणि दाजींना तर नाहीच—त्यांना ठाऊक असतं तर मी आज लिहायला कशाला बसलो असतो? गड्या, तीन वर्षं झाली. दोनदा अगदी ओठावर आलं होतं. दोन्ही वेळा मी चहा मागवला आणि पावसाचं काहीतरी बोलत बसलो.

तसं बघितलं तर गोष्ट एका पान्याची. तू म्हणशील, पाना म्हणजे लोखंड, त्यात एवढं काय? मीही स्वतःची तीच समजूत घालत आलो. पण नुसतं लोखंडच असतं, तर खंडेनवमी जवळ आली की मला त्याच्याकडं बघवत का नाही? सांगतो. सगळं एकदम नाही जमायचं, सुरुवातीपासनं सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते. पेन्शनीत आले आणि वडूजला घरामागं पत्र्याचं शेड घातलं. मी तेव्हा औंधला दुसऱ्याच्या गॅरेजात राबत होतो. दाजींनी निरोप धाडला—ये, दोघं मिळून आपलं काहीतरी उभं करू. मेहुण्याला असं बरोबरीनं कोण बोलावतं? मी आठवडाभरात बिऱ्हाड हलवलं.

आणि पहिल्या दिवसापासून आमचं वाजलं. कशावरनं, तर कुठलं हत्यार आधी घ्यायचं. दाजींनी कोळशानं पत्र्यावर यादीच लिहून काढली. सगळ्यात वर गाडीखाली लावायचे भक्कम स्टँड—नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरायचं नाही, हा त्यांचा कायदा. मग चांगला उजेड. मग गोटी पान्यांचा सेट. मग टॉर्क पाना. आणि कॉम्प्रेसर पार तळाला. "जे जीव वाचवतं ते पयलं," दाजी म्हणायचे, "जे चूक हू देत न्हाई ते दुसरं. काम लौकर उरकणारं मागनं बघू."

मला कॉम्प्रेसर हवा होता. हवेची गन लावली की नट भर्रकन सुटतो, गिऱ्हाईक बघत राहतं, गॅरेजचं नाव होतं. टॉर्क पाना काय करतो? हातभर लांब दांडा. मुठीवर आकडा लावायचा आणि बोल्ट आवळायचा. ठरलेल्या जोरावर आला की आतून टक् असा आवाज येतो—म्हणजे बास, थांब. मला त्याची चेष्टा वाटायची. बोल्ट किती आवळायचा हे ज्याच्या हाताला कळत नाही त्यानं मेकॅनिक कशाला व्हावं, असं मी तोंडावर म्हणायचो. दाजी हसायचे. हाताचं ऐकायचं नाही, हात दमतो, हात रागावतो, पान्याचं ऐकायचं—हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तरी मी लय मागं लागलो, तेव्हा ते कबूल झाले. दसऱ्याआधी कॉम्प्रेसर आणायचा. मी चौकात चार जणांना सांगून बसलो. एक दिवस दाजी एकटेच सांगलीला गेले आणि संध्याकाळी परतले ते काखेत लांबडी पेटी घेऊन. आत टॉर्क पाना. वाटेत विचार बदलला म्हणाले. मला विचारलं नाही, एक फोन नाही. पैशात माझाही वाटा होता, शब्द दिला होता—आणि माझ्याशीच असं? चौकातले चार जण पुढं महिनाभर विचारत होते, काय सदा, आला का तुझा कॉम्प्रेसर? मला तो दगा वाटला. आजही थोडा वाटतो, खोटं कशाला बोलू.

पण दगा म्हणजे काय, हे मला त्यानंतर कळलं.

खंडेनवमीला दाजींनी घोंगडं अंथरून सगळी हत्यारं पुसून मांडली. हळदकुंकू वाहिलं, शेवंतीची फुलं ठेवली. पहिला मान टॉर्क पान्याला. हा माणसाला थांबवतो, म्हणून मान ह्याचा, म्हणाले. पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे आपल्याकडं लहान पोरालाही सांगावं लागत नाही. दाजी आणि आक्का दुपारी यमाईच्या दर्शनाला औंधला गेले. मी एकटा घरी होतो.

तेवढ्यात दारात पिकअप थांबली. मागं झेंडू शिगोशिग भरलेला, साताऱ्याच्या बाजाराला चाललेला, आणि मागचं चाक पंक्चर होऊन बसलेलं. ड्रायव्हर बिचारा रडकुंडीला आला होता. दसऱ्याचा झेंडू दसऱ्यानंतर कोण घेणार? त्याचा चाकाचा पाना घेऊन मी चार नट काढले, पाचवा गंजून बसलेला. पाना सटकायला लागला. लांब दांड्याचं हत्यार आमच्याकडं एकच होतं.

अडलेल्या माणसासाठी उचललं, असं मी म्हणू शकतो. म्हणालोही असतो. पण गड्या, घोंगड्यावरनं तो पाना उचलताना मनात ड्रायव्हर नव्हता. मनात कॉम्प्रेसर होता. टॉर्क पान्यानं कधी जाम नट सोडवायचा नसतो, तो फक्त आवळायला—हे मला माहीत होतं. तरी दांडा नटाला लावला, वर पाय ठेवला आणि सगळा राग काढून उडी मारली. नट सुटला. पाना निसटला आणि दगडी पायरीवर आपटला. आतून काहीतरी खुळखुळल्यासारखं वाजलं. मी कान लावून ऐकलं, मग ऐकायचं सोडून दिलं.

झेंडू गेला साताऱ्याला. ड्रायव्हरनं जाताना ओंजळभर फुलं दिली. पाना पुसला, कुंकू परत लावलं, जागेवर ठेवला आणि वर त्यातलाच झेंडू वाहिला. संध्याकाळी दाजी आले, म्हणाले, झेंडू छान दिसतोय रं. मी होय म्हणालो.

तेव्हाच सांगायला काय झालं होतं? पूजेतलं हत्यार उचललं म्हणून बोलणी बसली असती, एवढंच ना? पण मला वाटलं, बघू, कदाचित काही झालं नसेल.

दिवाळीच्या आसपास कोयनानगरहून दाजींचे फौजेतले एक मित्र आपली जीप घेऊन आले. इंजिनाचं मोठं काम होतं. फक्त दाजींवर भरवसा, म्हणून इतक्या लांब आणलेली. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, बसवायचा दिवस आला. दाजींनी चष्मा लावला, मुठीवरचा आकडा मोठ्यानं वाचला, बरोबर वाचला, न अडखळता. एकेक बोल्ट आवळत गेले. शेवटच्या फेरीला पाना टक् करेना. दाजी थांबले. माझ्याकडं बघून म्हणाले, हाताला वाटतंय झालं म्हणून. मी समोर उभा होतो. तोंड उघडायला ती वेळ होती की नाही, सांग? मी गप्प राहिलो. आणि दाजींनी आपल्या हाताचं ऐकलं नाही, पान्याचं ऐकलं. अजून थोडा जोर दिला. बोल्ट कट्कन आतच तुटला.

मग दाजींनी पाना उजेडात धरला, उलटा केला, मूठ फिरवली.

"सदा, पाना कवा पडला व्हता का रं? खरं सांग. मी रागवायचो न्हाई."

अगदी अशा आवाजात विचारलं, की त्यात संशय नव्हता. आणि मी—आता लिहितोच—मी "न्हाई दाजी" म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी त्यांनी पाना तपासायला नेला असता, उघडकीला आलं असतं. ती भीती मला तिथल्या तिथं वाटली. म्हणून मी पुढं बोललो.

"आकडा लावताना तुमी दोनदा अडखळलासा. मला वाटलं, दिसतंय न्हवं तुमाला."

दाजींनी चष्मा काढला. काचा सदऱ्यानं पुसल्या, परत लावला, परत काढला. त्या माणसानं आयुष्यभर रणगाड्यापासून जीपपर्यंत काय काय उघडलं आणि बसवलं असेल. माझ्या एका वाक्यावर त्यांनी ते सगळं खाली ठेवलं. आपला डोळा आता दगा द्यायला लागला, असं आक्काला म्हणाले. आक्का चुलीपाशी रडली. मी ऐकलं.

जीपचं इंजिन टेंपोत घालून साताऱ्याला न्यावं लागलं. मित्र एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्यांची जीप परत आमच्याकडं आली नाही. आणि दाजींनी त्या दिवसापासून इंजिनाला हात लावला नाही. एकदाही नाही. पुढं कॉम्प्रेसर आला. माझा कॉम्प्रेसर. दाजी आता त्यानं चाकात हवा भरतात, डिझेलमध्ये सुटे भाग धुतात, आणि मीटरवरचा आकडा वाचायचा झाला की म्हणतात, तू वाच बाबा.

मी तो पाना चोरून एका ओळखीच्या कारखान्यात तपासून आणला. पार बिघडलेला निघाला. म्हणजे शंकेलाही जागा उरली नाही. दुसरा घेतला, कामाला तोच वापरतो. जुना पूजेचा म्हणून ठेवलाय, असं दाजींना सांगितलं. त्यांना ते आवडलं, ह्याचं मला जास्त लागलं.

यंदा खंडेनवमीच्या आधी आक्कानं हट्टानं दाजींना साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. पूजेच्या सकाळी ते घोंगड्यावर हत्यारं मांडत होते, तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर. त्यांनी जुना पाना पहिल्या जागेवर ठेवला.

"डोळं साफ हायत म्हणतोय. नंबर बी जुनाच. कायबी झालेलं न्हाई." मग कुंकवाचं बोट पान्याला लावलं. "डॉक्टर बी चुकत्यात रं. तू समूर उभा व्हतास, तू कशाला खोटं बोलशील?"

आणि त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. मी तो फोडला.