पुसलेली खुर्ची

थोरलीने कंपनीच्या सभेच्या हॉलमधल्या दोनशे खुर्च्या अकरा वर्षं पुसल्या, पण एकीवरही कधी बूड टेकलं नाही. धाकटी म्हणजे तिची जाऊ, त्याच झाडूपोछ्याच्या कामावर. दोघी दर शनिवारी आकडा लावायच्या. दोघींचे खिसे रिकामे व्हायचे आणि पोट आकडेवाल्याचं सुटायचं. दीड वर्षामागं थोरलीने आकडा सोडला आणि बँकेतल्या भाचीच्या मदतीने याच कंपनीचे शेअर घ्यायला लागली. महिन्याला एक, फार तर दोन.

"फरशीचं औषध हीच कंपनी करते. किती डबे खपतात ते माझ्या हातांना विचार," ती म्हणायची.

मध्ये भाव पडला, तेव्हा धाकटीने टोमण्यांनी तिचा जीव खाल्ला. थोरलीने त्या महिन्यातही एक घेतलाच.

"मोठ्या मालकीणबाई! शेअरवाल्यांच्या वार्षिक सभेत खुर्ची तरी देतील का तुम्हाला?"

"दिली तर?"

"तर माझाही आकडा बंद. नाही दिली, तर तुम्ही परत माझ्यासोबत लावायचा."

"ठरलं."

सभेच्या दिवशी धाकटी मागच्या भिंतीशी ओला पोछा धरून उभी. थोरली इस्त्रीच्या कपड्यांत, हातात कंपनीचं सभेला बोलावणारं पत्र, पण आली मात्र मागच्याच जिन्याने. तिसऱ्या रांगेत गेली आणि बसण्याआधी रुमाल काढून खुर्ची पुसली. हात थांबेना, शेजारचीही पुसली. मुकादमाने तिथंच ओळखलं.

"मावशी, उठा. पाहुणे यायचेत."

थोरली अर्धी उठली, मग पुन्हा टेकली.

"पाहुणे नव्हे, मुकादम, मालक यायचेत. त्यातली एक मी." तिने पत्र पुढं केलं.

मुकादमाने ते दोनदा वाचलं. "बसा," म्हणाला, आणि हळूच बाजूला झाला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? थोरलीचा हात वर! माईक आला.

"साहेब, डब्याचं झाकण ओल्या हाताने उघडत नाही. आम्ही दाताने उघडतो. औषध दातांसाठी आहे का फरशीसाठी?"

हॉल हसला. पण साहेबांनी खिशातून पेन काढलं होतं आणि ते लिहून घेत होते. थोरलीचं बोलणं, साहेबांच्या अक्षरात! धाकटी आ वासून बघत राहिली. पोछ्याचं पाणी चपलेत उतरलं, तरी तिला कळलं नाही.

दुपारी फाटकाशी आकडेवाल्याने हाक मारली, "आज कशावर लावू?"

"लाव तुझ्या कपाळावर," म्हणत धाकटी पुढं गेली. मग थोरलीला गाठून म्हणाली, "जाऊबाई, भाचीला सांगा, मलाही एक. पण पुढच्या वर्षी मी खुर्ची पुसणार नाही हं."

"पुसायची गं. आपलीच आहे."